वेंकूआत्याची हजेरी

तंजावूर, २० जुलै २०२५

चिरंजीव भुवना,

पुण्यात बसून मास्तरांना शिकवणाऱ्या भाचीला, तिला पाटीवर श्रीकार गिरवायला लावणाऱ्या आत्याचे आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. रागव. फोनवर तू तमिळमध्ये सुरू करतेस, मध्येच इंग्रजीत शिरतेस, आणि मराठी येते ती शेवटी ‘बरं, ठेवते’ एवढ्यापुरती. तुझा बाप तर सहीसुद्धा तमिळमध्ये करतो. आपल्या घरात बाळबोध अक्षर वाचणाऱ्या आता तू आणि मी, दोघीच उरलो. म्हणून यापुढे फोन बंद, कागद सुरू.

आता कामाचं. तिरुवैयारूच्या आमच्या शाळेला एका जुन्या विद्यार्थ्याने स्मार्ट बोर्ड दिला आहे. पाचवीच्या वर्गात, म्हणजे माझ्याच वर्गात, भिंतभर बसवलाय. कंपनीचा माणूस आला, टकटक बोटं मारत सगळं दाखवून गेला. आम्हा शिक्षकांना त्यातलं एवढंच आठवतंय की त्याला कॉफीत साखर नको होती. तेव्हापासून बोर्डावर चादर आहे. मुख्याध्यापिका लक्ष्मीप्रिया रोज येऊन विरजण लागलं का बघावं तशी चादर उचलून बघते आणि पुन्हा टाकते. ती आपल्यासारखीच तंजावूरच्या मराठी घरातली, मराठी समजते, बोलायला लाजते.

तू म्हणशील, खडूची बाजू घेऊन माझ्याशी भांडणाऱ्या आत्याला हे काय सुचलं? सुचलं खरं. येत्या मेमध्ये माझी नोकरी संपते. तोवर हा वर्ग मला स्वतःच्या हाताने पुरा करायचा आहे. तुझं तर हेच काम. सांग, कुठून सुरू करू?

तुझी वेंकूआत्या

*

पुणे, २ ऑगस्ट २०२५

आत्या,

सूर्य कावेरीच्या कुठल्या काठाला उगवला ते आधी कळव. मी साष्टांग घालते.

तुझं पाकीट ऑफिसात आलं तेव्हा सगळे जमले. हाताने लिहिलेलं पत्र म्हणजे आमच्याकडे आता नोटीस तरी असते नाही तर लग्नपत्रिका. अक्षर पाहिलं आणि मला एकदम तुझ्या वर्गाचा वास आला, ओल्या फडक्याचा आणि डब्यातल्या लिंबूभाताचा. तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना बसने पूल ओलांडला की तू नदीचं नाव विचारायचीस. पाच पूल, पाच नद्या, आणि मी दर वेळी वेण्णारूला वेट्टारू म्हणायची. बसमध्ये तू आत्या, शाळेच्या फाटकातून आत गेलं की अम्मा.

आणि तुझी हजेरी! तू नुसतं नाव कधी घ्यायची नाहीस. ‘भुवना, आज एकच वेणी कां गे? दुसरी उंदराने नेली?’ मग सगळा वर्ग हसायचा आणि मी लाजून ओरडायची, ‘उळ्ळेन अम्मा!’ हजर आहे, अम्मा. तुझी हजेरी संपेपर्यंत बाजूच्या वर्गात दोन गणितं सुटलेली असायची. तरी मी तापातसुद्धा शाळेला यायची, कारण नाव पुकारलं जाताना आपण नसलो तर तू काय विचारणार होतीस ते कळायचंच नाही.

आता माझं रडगाणं. इथले शिक्षक माझ्या वर्गात माना डोलावतात, फोटो काढतात, जेवण छान होतं म्हणतात आणि टॅब्लेट कपाटात ठेवतात. परवा एका शाळेत त्या कपाटाची किल्लीच हरवली होती. कोणाला दुःख झालेलं दिसलं नाही.

तुझ्यासाठी सल्ला: ती चादर धुवायला म्हणून घरी ने आणि परत नेऊ नकोस. मग एकच धडा निवड, जो खडूने दाखवता येत नाही. बाकी सगळं जसं शिकवतेस तसंच शिकव. रविवारी व्हिडिओ कॉल कर, मी बोट कुठे ठेवायचं ते दाखवते.

तुझी भुवना

*

तंजावूर, २५ ऑगस्ट २०२५

चि. भुवनास आशीर्वाद.

व्हिडिओ कॉल नको. या वयात आत्याचं तोंड बघून तुला काय शिकायचंय?

चादर घरी आणली. आता ती दिवाणावर आहे. धडा निवडला कावेरीचा. म्हटलं, कुडगूच्या, म्हणजे तुमच्या कूर्गच्या, डोंगरापासून समुद्रापर्यंत नदी दाखवायची, वरून, घारीला दिसते तशी. नकाशा उघडला. मंगला म्हणून एक चुणचुणीत पोर आहे, तिने दोन बोटांनी तो ताणला आणि किंचाळली, ‘अम्मा, आमची शाळा!’ झालं. मग प्रत्येकाला आपापलं छप्पर हवं. कोणाची विहीर, कोणाच्या मामाची गिरणी, कोणाच्या घरावर वाळत घातलेली चटई. तास संपला तेव्हा आमची कावेरी जेमतेम तिरुचिरापल्लीपर्यंत आली होती. समुद्र राहूनच गेला. पण भुवना, नदी कुठल्या बाजूला वाहते हे त्या दिवशी कोणाला सांगावं लागलं नाही.

मी चौथीत असताना आमच्या शाळेत रेडिओ आला होता. करंजाच्या झाडाखाली स्टूल, स्टुलावर रेडिओ, आणि मद्रासहून कोणी बाई विज्ञान सांगायची. ती प्रश्न विचारायची, आम्ही मुली उठून उत्तर द्यायचो, आणि ती आमचं न ऐकताच पुढे जायची. मग आमचे मास्तर रघोजीराव रेडिओ बारीक करून म्हणायचे, ‘तिला ऐकूं येत नाही गे. मला सांगा.’ किती वर्षं झाली, त्यांचा तो बारीक करणारा हात अजून दिसतो.

एक विचारायचं होतं. हा बोर्ड बोलू शकतो का? म्हणजे मी गप्प राहिले तरी धडा पुढे जाईल, असं काही करता येतं का? पूर्ण तास. सविस्तर लिही.

वेंकूआत्या

*

पुणे, १० सप्टेंबर २०२५

आत्या,

कावेरीचा धडा मी इथल्या शिक्षकांना वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. घारीचं वाक्य एका सरांनी वहीत उतरवून घेतलं.

पण तुझा शेवटचा प्रश्न वाचून मी चाटच पडले. बोर्ड बोलू शकतो, हवं तेवढं बोलू शकतो. धडे तयार मिळतात. बटण दाबलं की एक गोड आवाजाची बाई पाऊण तास न थांबता शिकवते, आणि शिक्षक मागे बसून वह्या तपासतात. हेच तर मी गावोगाव फिरून बंद करायला सांगते! यंत्र आलं म्हणून तू कमी बोलायचं नसतं, उलट जास्त बोलायचं. चार महिन्यांपूर्वी खडूसाठी भांडणारी तू, आणि आता पूर्ण तास गप्प बसायचं म्हणतेस? निवृत्ती जवळ आली की सगळेच पाय पसरतात, पण माझी वेंकूआत्या नाही पसरणार, अशी माझी समजूत होती.

रागावू नकोस, पण खरं तेच लिहिते. तुझा वर्ग म्हणजे तुझा आवाज. तू गप्प बसलीस तर तिथे भिंती आणि बाकं उरतील.

इथे गणपती झाले. यंदाही उकडीचे मोदक खाताना मला तुझी कोळकट्टैच आठवली. पुणेकरांना सांगू नकोस.

भुवना

*

तंजावूर, ७ ऑक्टोबर २०२५

चि. भुवना,

पत्राला उशीर झाला. कोलूच्या पायऱ्या मांडल्या होत्या, बाहुल्या पुसण्यात आणि सुंडलच्या उसळीचा प्रसाद वाटण्यात नवरात्र गेलं.

एक घोटाळा झाला आहे आणि तो मी केला आहे. सरस्वतीपूजेला आपण हत्यारांची पूजा करतो तशी शाळेत सगळ्यांची केली. घंटा, पृथ्वीचा गोल, पाण्याची मोटर, हजेरीचं पुस्तक, सगळ्यांना गंध-कुंकू लावलं. मग मनात आलं, आपलं सगळ्यात मोठं हत्यार तर भिंतीवर आहे. त्याला कसं वगळायचं? मी स्टुलावर चढून चारी बाजूंच्या काळ्या पट्टीवर दाट चंदनाची बोटं ओढली, वर कुंकू. फार सुंदर दिसत होता. लक्ष्मीप्रियाने कापूर ओवाळला.

काल सुट्टी संपून शाळा उघडली. बोर्ड सुरू केला तर कोणी हात न लावता पानं उलटायला लागली, रेघा आपोआप ओढल्या जायला लागल्या. मंगला म्हणाली, ‘अम्मा, बोर्डाच्या अंगात सामी आलं!’ देव आला म्हणून मुलं हात जोडून उभी. कंपनीवाले म्हणतात दिवाळीनंतर येऊ.

भुवना, मला दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही. मला तो बोर्ड उद्या हवा आहे. का ते विचारू नकोस. काय करायचं तेवढं लगेच लिही, स्पीडपोस्टने.

वेंकूआत्या

*

पुणे, ११ ऑक्टोबर २०२५

आत्या,

बोर्ड एव्हाना शहाणा झाला असेल, कारण मी पत्राची वाट न बघता थेट लक्ष्मीप्रियाला फोन केला. त्या काळ्या पट्टीत बोर्डाचे डोळे असतात. त्यातून न दिसणारे किरण समोरच्या बाजूला जातात, आणि मध्ये बोट आलं की बोर्डाला स्पर्श कळतो. तू त्याच्या सगळ्या डोळ्यांवर चंदन थापलंस. त्याला वाटलं शंभर हात एकदम फिरताहेत. तिने माझ्यासमोर फोनवरच ओल्या फडक्याने पट्टी पुसली आणि बोर्ड गप्प झाला.

मग मी सहज म्हणाले, टीच्चरला फोन देता का? ती लाजत लाजत मराठीत म्हणाली, ‘तुम्हांस ठाऊक नाही की? टीच्चरच्या गळ्यांत गांठ आलीय. ऑपरेशन करावं मणून डॉक्टर बोल्ले. जूनपासून त्यांस फार बोलायास होत नाही, घडीभरांत आवाज बसतो.’

जूनपासून! म्हणजे फोन बंद, कागद सुरू, हे सगळं त्यासाठी. मी इथे सगळ्यांना मिरवत होते की माझी आत्या मराठी जगवण्यासाठी पत्रं लिहिते. मी आधी तुझ्यावर भयंकर रागावले, मग ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आणि तुझ्या त्या प्रश्नाला मी काय उत्तर पाठवलं होतं! तू ते वाचून दुसऱ्या दिवशी कोलूच्या बाहुल्या पुसत बसलीस. मला एक ओळ लिहायची नाहीस?

ऐक. ऑपरेशनआधी आपण तुझे सगळे धडे रेकॉर्ड करू. आवाज थोडा घोगरा असला तरी चालेल, मी यंत्रावर साफ करते. मार्चपर्यंतचा सगळा अभ्यास बोर्डात भरून ठेवू. मी रजा टाकते आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी भुवना

*

तंजावूर, २४ ऑक्टोबर २०२५

माझ्या भुवनास,

बोर्ड ताळ्यावर आहे. गंध आता त्याच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला लावलं. देवाला बाजू कळते.

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राचा राग आला नव्हता. तू लिहिलंस ते खरं होतं म्हणून लागलं. मलाही तेच वाटत होतं की, आवाज गेला म्हणजे मी वर्गातून गेले. लक्ष्मीप्रिया चांगली मुलगी. म्हणाली, मेपर्यंत ऑफिसात बसा, रजिस्टरं सांभाळा, पगार तोच. मी पाटीवर लिहून दिलं, नको. मग तिने पोंगलपर्यंत मुदत दिली. तोवर मी वर्ग सांभाळू शकले नाही तर पाचवी दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल. ते रास्त आहे. पोरांचं वर्ष माझ्या हट्टापायी बुडता कामा नये.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. डॉक्टर म्हणतात गाठ निघेल, पण आवाज पहिल्यासारखा येईल असं वचन देत नाहीत.

धडे मात्र मी रेकॉर्ड करणार नाही. अपूर्णांक कोणीही शिकवेल, बोर्डातली ती गोड बाईसुद्धा शिकवेल. जे दुसऱ्या कोणाकडून होणार नाही तेवढंच मी बोर्डाला दिलं, माझी हजेरी.

लक्ष्मीप्रियाने फोन समोर धरला आणि म्हणाली, वाचा. रिकाम्या बाकांकडे बघून मला एक नाव म्हणता येईना. शेवटी शाळा सुटल्यावर पोरांना थांबवून घेतलं. एकेक उभं राहायचं, मी त्याच्याकडे बघून नाव घ्यायचं, त्याने हूं की चूं न करता बसायचं. कोमट पाण्याचा तांब्या जवळ होता. मंगलाच्या नावाला ती तोंड दाबून हसत होती, तर माझंही नाव हसतच निघालं. ते तसंच ठेवलंय.

नावांपुढचे प्रश्न मात्र त्यात नाहीत. आज कोणाची वेणी सुटली, कोणाच्या गाईला वासरू झालं, ते आज कसं सांगणार? ते मी रोज बोर्डावर त्याच्याबरोबर आलेल्या पेनाने लिहीन. पोरं वाचतील.

तू ये. पण रडायला येऊ नकोस.

वेंकूआत्या

*

पुणे, १२ डिसेंबर २०२५

आत्या,

घरी नीट पोचले. तुझा डॉक्टर मला आवडला. गाठीत वाईट काही निघालं नाही म्हणून सांगताना तो स्वतःच तुझ्याहून जास्त हसत होता. आता हळूहळू बोलायला लागा, असं त्याने तुला माझ्यासमोर दोनदा बजावलं, आणि तू दोन्ही वेळा पाटीवर होकाराचं ‘सरि’ लिहून गप्प बसलीस. मी पाहिलं बरं.

निघण्याच्या दिवशी तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले तेव्हा काय पाहिलं ते तुला सांगितलं नाही, आता लिहिते. बोर्डातून तुझा आवाज आला. किंचित घोगरा, पण तोच, माझ्या वेळचा, नावाच्या शेवटी किंचित वर जाणारा. मी पस्तीस वर्षांची बाई, पण माझं नाव यादीत नाही हे कळूनही ओठांवर ‘उळ्ळेन’ आलंच. मग मी पोरांकडे पाहिलं. आवाज बोर्डातून येत होता, पण एकही पोर बोर्डाकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण उठून, तू जिथे पेन घेऊन उभी होतीस तिकडे वळून म्हणत होता, ‘उळ्ळेन अम्मा.’ आणि तू मान हलवत होतीस. बारा वर्षं मी शिक्षकांना यंत्र शिकवते आहे, असं काही मी पाहिलं नव्हतं.

पण आत्या, तू बोलत का नाहीस? डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पोंगल महिन्यावर आला. बोर्डाने हजेरी घेतली म्हणून वर्ग तुझा राहणार नाही, लक्ष्मीप्रियाला तरी किती दिवस थांबता येईल? तुला भीती वाटते का? खरं लिही.

भुवना

*

तंजावूर, २० जानेवारी २०२६

चि. भुवना,

होय, भीती वाटत होती. घरात कोणी नसताना एकदा देवासमोर तोंड उघडलं होतं. जे बाहेर आलं ते ऐकून मीच दचकले, चक्कीत खडा जावा तसं काहीतरी. म्हटलं, बोर्डात आपला जुना आवाज शाबूत आहे. पोरांनी तोच लक्षात ठेवावा. हा दुसरा त्यांना ऐकवायचा कशाला? म्हणून पोंगलच्या सुट्टीत लक्ष्मीप्रियाच्या घरी गेले आणि लिहून दिलं की सोमवारी मी ऑफिसात बसते, वर्ग द्या. तिने कागद वाचून जवळ ठेवला. म्हणाली, सोमवारची हजेरी तेवढी तुम्ही घ्या.

काल सोमवार. वर्गात एक नवी मुलगी आली होती, अखिला. बापाची बदली झाली म्हणून पापनाशमहून आली. नवा गणवेष, अजून घडीच्या रेघा मोडलेल्या नाहीत. बोर्ड सुरू केला. नावं येत गेली, पोरं उठत गेली, मी पुढे प्रश्न लिहीत गेले. मंगलाचं हसरं नाव आलं. शेवटचं नाव आलं. आवाज थांबला.

अखिला उभीच होती. कोणी सांगितलं असेल की नव्या मुलीने नाव येईपर्यंत उभं राहायचं. तिने बोर्डाकडे पाहिलं, आणखी एक नाव येईल म्हणून वाट पाहिली. नाव कुठून येणार? मी रेकॉर्ड केलं तेव्हा ती पापनाशममध्ये होती. सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. तिचे कान लाल झाले. माझ्या हातात पेन होतं, मी वळले, लिहायला हात वर केला. आणि मला वाटलं, सगळ्यांना अम्माने हाक मारली आणि हिला तेवढं लिहून दाखवायचं? पहिल्याच दिवशी?

‘अखिला,’ मी म्हणाले.

कसा होता विचारू नकोस. फाटलेला, खरखरीत, अर्ध्यात तुटलेला. पण अखिलाला माझा जुना आवाज कुठे ठाऊक होता? तिला हाच माझा आवाज. ती अगदी खणखणीत म्हणाली, ‘उळ्ळेन अम्मा!’ आणि सुटल्यासारखी बसली.

मी पेन खाली ठेवायला लागले तर मंगला उभी राहिली. म्हणाली, ‘अम्मा, माझंही घ्या.’ मी बोर्डाकडे बोट दाखवलं, तुझं झालं की. ती म्हणाली, ‘ते नको. आताचं घ्या.’ तिच्या मागचा उठला. मग सगळेच उठले.

भुवना, मी सगळी हजेरी पुन्हा घेतली. पहिल्या नावापासून. मध्ये दोनदा आवाज बसला, तेव्हा पोरांनीच पाणी आणून दिलं आणि थांबून राहिली. एकाला विचारलं, पोंगलला ऊस कोणी मोडला, तू की दादाने? लक्ष्मीप्रिया दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मी दिलेला कागद तिच्या हातात होता. तिने तो मला परत दिला, दार ओढून घेतलं आणि गेली.

डॉक्टर रागावतील, रागावू देत. गणिताचा तास काल झाला नाही.

तुझी आत्या